तुमच्या खेळाला मी लागते

हिरे, आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू गेल्यापासून मी ते रोज पुढे नेऊन बघते. किकवीच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना, पाईपच्या दुकानात बिलं करताना, भाकरी थापताना. आधी माझी बाजू मांडते, मग तुझी बाजू तुझ्या आवाजात मांडते, आणि दर वेळी तूच जिंकतेस. तू असताना असं होत नव्हतं. मी आवाज चढवायचे, तू म्हणायचीस, "बरं बाई, तुजंच खरं," आणि विषय मिटायचा. मिटायचा म्हणजे मला तसं वाटायचं.

कोण होती तुझी, असं लोक विचारतात. मैत्रीण, म्हणते मी. आमचे दुकानाचे मालक म्हणाले, "मैत्रिणीसाठी किती दिवस सुट्टी लागते?" तू माझी नणंद असतीस, चुलती असतीस, तर त्यांनी विचारलं नसतं. मी दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी काउंटरवर उभी राहिले. पाऊण इंची एल्बो, एक इंची टी, सॉकेट. गिऱ्हाईक ओरडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं.

भोरच्या हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मुलींनी मला आडनाव विचारलं होतं. सांगितल्यावर दोघींनी आपले डबे जरा बाजूला सरकवले. जरासेच. तू उशिरा आलीस. डोंगरावरून चालत मार्गासनीपर्यंत आणि तिथून एसटीने, पाय धुळीने भरलेले. माझ्या शेजारी बसकण मारलीस आणि म्हणालीस, "तुज्या डब्यात काय हाय?" घेवडा होता. निम्मा तू खाल्लास. त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही, बोलण्यासारखं तुला त्यात काही वाटलंच नसणार. मी मात्र तो घेवडा विसरले नाही. हे तुला कधी सांगितलं नाही.

बारावी झाली आणि तुला त्याच डोंगरावर दिली. सहा घरांची वस्ती, चाळीसेक बकऱ्या, नवरा भला माणूस, मी त्यांना दाजी म्हणते. मी शिकले, दुकानात लागले. मग आपण फोनवर उरलो. तुझ्या घरात रेंज नव्हती, वरच्या टेपाडावर यायची. दुपारी बकऱ्या सावलीला बसल्या की तू टेपाडावर चढायचीस आणि माझी जेवायची सुट्टी व्हायची. दीड ते अडीच. लग्न झालेल्या किती बायकांना रोजचा एक तास मैत्रिणीसाठी मिळतो? आपल्याला मिळाला, तो तू चढून मिळवलास.

माझे अण्णा गेले तेव्हा तू दुधाच्या टेम्पोत बसून खाली आलीस. चार दिवस राहिलीस. एक शब्द सांत्वनाचा बोलली नाहीस, नुसती झाडत होतीस, भांडी घासत होतीस, आईला धरून मोरीपर्यंत नेत होतीस. चौथ्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसले होते. डोकं बधिर झालं होतं आणि हाताला काहीतरी चाळा हवा होता. तू मागून डोकावलीस.

"ह्ये काय करतीस गं?"

मी सांगितलं. ठोकळ्यांचं जग आहे. माझा मावसभाऊ, भोंगवलीचा विशालदादा, त्याने उघडलंय. तो, त्याचे तीन मित्र, नसरापूरच्या एक शिक्षिका आणि मी, आम्ही सगळे आपापल्या फोनवरून त्यात शिरतो. माती खणायची, झाडं लावायची, घर बांधायचं, जनावरं पाळायची. हवं तर तलवार करायची आणि दुसऱ्याला मारायचं.

"आन् मेला म्हंजी?"

"मरत नाही. त्याची खाट जिथे असेल तिथे पुन्हा उभा राहतो. फक्त जवळचं सगळं गेलेलं असतं."

तू विचारलंस, "जिमीन कुनाची हाय?"

"कुणाचीच नाही."

"कुनाचीच न्हाई?"

तुला ते खरंच वाटेना. तू जन्मभर दुसऱ्याच्या बांधावरून हाकललेली बाई. इथे चारू नका, तिथे वनखात्याचं, पलीकडे पुण्याच्या माणसाने तार ओढलेली. कुणाचीच नसलेली जमीन तू कधी पाहिली नव्हतीस. जाताना म्हणालीस, "माज्या मोबाईलात बी घालून दे ते." मी घालून दिलं. आईला बरं वाटावं म्हणून आलेली तू आणि तुला बरं वाटावं असं काहीतरी मी दिलं, याचा मला आनंद झाला होता. तो आनंद खरा होता हिरे. पुढे जे झालं त्याने तो खोटा ठरू नये असं मला वाटतं, पण ते माझ्या हातात नाही.

नदीच्या काठाला एक सपाटी होती, तिथे तू राहायला लागलीस. सगळ्यात आधी काय केलंस, तर नदीपासून घराच्या दारापर्यंत पाट खणलास. आठ दिवस दुसरं काही नाही. "हितं तरी दाराशी पानी आसू दे," म्हणालीस. मग शेत, मग गोठा, मग बकऱ्या. विशालदादाने फोनवर हसून विचारलं, "दिवसभर बकऱ्याच राखती ना ती? मंग हितं बी बकऱ्याच?" मी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "मंग? मला तेच येतं."

मी तशी नव्हते. मला शेत केलं की झोप यायची. मी तलवार केली आणि विशालदादाच्या टोळीत शिरले. दुकानात दिवसभर लोक मला "ओ बाई" म्हणून बोलवायचे, चुकीचा पाईप त्यांनी मागितला तरी चूक माझी. सगळं गिळायचे मी. आणि त्या जगात माझं नाव दिसलं की विशालदादाचे मित्रसुद्धा पळायचे. तुला हे कितीदा सांगितलं. तू ऐकून घ्यायचीस आणि विचारायचीस, "ती भितात, त्येनं तुजं काय भागतं?" मला सांगता यायचं नाही. भागायचं एवढं खरं.

आणि मी सारखी मरायचे. दुसऱ्यांना मारणारा सारखा मरतोच. माझी खाट तू तुझ्या घरात मांडली होतीस. मेले की मी तुझ्या घरात जागी व्हायचे, रिकाम्या हाताने, आणि खाटेशेजारी पेटी असायची. पेटीत भाकऱ्या, कातडी अंगरखा, एक कुऱ्हाड. दर वेळी भरलेली. तू नसलीस तरी भरलेली. मी खायचे, अंगरखा घालायचे आणि पुन्हा भांडायला जायचे. मला कधी वाटलंच नाही की हे कुणीतरी पेरतं, कापतं, भाजतं. तुझ्या घराभोवती नंतर तू उंच भिंत घातलीस, दाराला कडी लावलीस, कारण विशालदादाची टोळी नदीपलीकडून बघून जायला लागली होती. तेव्हाही मला आत यायची अडचण नव्हती. भिंतीखालून पाट आत येत होता, त्यातून बुडी मारून मी आत यायचे. तुला ते ठाऊक होतं. तू हसायचीस, म्हणायचीस, "म्हशीवानी येतीस."

उन्हाळ्यात मी वस्तीवर आले होते, तेव्हा टेपाडावर बसून आपण तोंडाने भांडलो. तेच ते भांडण. विशालदादाने तुझ्या सांगण्यावरून नियम केला होता की नदीच्या अलीकडे कुणी कुणाला मारायचं नाही. टोळी त्याला वैतागली होती. मी तुला त्यांचं म्हणणं समजावून सांगत होते.

"खेळ आहे गं. धोका नसेल तर मजा काय? नुसतं पेरायचं आणि बघत बसायचं?"

"मला येती मजा."

"पण बाकीच्यांना येत नाही ना. सगळ्यांचं जग आहे."

"सगळ्यांचं हाय म्हनून तर म्हनते. तुमी पलीकडं मारा की येकमेकांला. म्या आडवलंय का?"

"तू भितेस."

म्हटलं आणि आठवलं. मागच्याच वर्षी गोठ्यात तरस शिरलं तेव्हा नवरा खाली गेलेला होता, आणि तू काठी घेऊन एकटी त्याच्या अंगावर गेली होतीस. मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "तसं नाही. पण तरसाला मारतेस तशी इथेही मार ना."

"तिथं मारावंच लागतं. हितं कशापायी?"

मग तू गवताची काडी चावत बसलीस. खाली बकऱ्या इकडेतिकडे झाल्या तेव्हा एक हाळी दिलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आसं बग. माज्या खेळाला तुमी लागत न्हाई. तुमी सगळी नसला तरी माजं पीक येतंय. पन तुमच्या खेळाला मी लागते. मी आसले तरच तुमची मजा. मंग तुमीच सांगा, कुनाचं चुकतंय?"

मी म्हटलं, "मग वेगळं जग उघड. एकटीचं. उघडता येतं. तिथे तुला कुणी त्रास देणार नाही."

तू म्हणालीस, "तिथं तू न्हाईस ना."

आज मला वाटतं, माझ्याकडे द्यायला एक उत्तर होतं आणि ते अगदी सोपं होतं. मी येईन तुझ्याबरोबर, एवढंच. तलवार ठेवून येईन. पण मी म्हटलं, "चल, ऊन लागतंय," आणि आपण खाली उतरलो.

भाद्रपदात ग्रुपवर मत घेतलं गेलं. नियम ठेवायचा की काढायचा. तू आणि शिक्षिकाबाईंनी ठेवायचा म्हणून लिहिलं. विशालदादा आणि ते तिघं, काढायचा. चार आणि दोन. माझं मत पडलं नसतं तरी नियम जाणारच होता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. तरी मी मत दिलं, आणि काढायचा असं दिलं. कारण टोळीने मला आपलं मानलं होतं, आणि तिथून मला बाहेर पडायचं नव्हतं. विशालदादाला मी वेगळा फोन करून सांगितलं, "हिराच्या घराला हात लावायचा नाही." तो म्हणाला, "बरं." तू त्या दुपारी मला माझ्या मताबद्दल काही विचारलं नाहीस. शिक्षिकाबाई त्याच संध्याकाळी जग सोडून गेल्या. तू राहिलीस.

आता जे सांगते ते तुला मी कधी सांगितलं नाही.

रविवार होता. टोळी नदी ओलांडून तुझ्या भिंतीशी आली होती, मीही होते. सगळे फोनवर एकमेकांशी बोलत होते. भिंत जाड होती, कुणाला फोडवेना. विशालदादाने विचारलं, "प्रज्ञा, तू जातीस ना आत? कुठनं जातीस?" मी म्हटलं, "पाटातून."

एवढा एकच शब्द मी बोलले. मला वाटलं, आत जातील, बघतील, पेटीतल्या भाकऱ्या उचलून हसतील. ते आत गेले. आधी गोठ्याचं दार उघडलं. बकऱ्या मारल्या, सगळ्या. मग कुणीतरी छपराला आग लावली. मी म्हटलं, "ए, बास की," पण हसत म्हटलं. मी हसत होते हिरे. सगळे हसत होते, त्यात माझाही आवाज होता.

आणि दीड वाजला. तू आलीस. रोजच्या वेळेला. तू तुझ्या अंगणात उभी राहिलीस आणि आग बघत राहिलीस. तुझ्या हातात फावडं होतं, ते तू कुणावर उगारलं नाहीस. त्या तिघांपैकी एकाने तुला एक वार केला, तू हलली नाहीस, मग तोही थांबला. त्याच बोलण्यात तुझा आवाज आला. टेपाडावर वारा होता, त्या वाऱ्यातून.

"प्रज्ञे, हायेस का गं?"

मी माझा आवाज बंद केला. बोट नेमकं त्या खुणेवर गेलं आणि मी तो बंद केला. मी तुझ्यापासून दहा पावलांवर, घरामागे उभी होते.

तू थोडा वेळ थांबलीस. मग म्हणालीस, "झालं का तुमचं?" तू गेलीस. त्यानंतर त्या जगात तू आली नाहीस. छपराबरोबर माझी खाटही जळली होती. पुढच्या वेळी मी मेले तेव्हा अगदी सुरुवातीच्या माळावर जागी झाले, जिथे काहीच नसतं. भाकरी नव्हती. मी त्या माळावर नुसती उभी राहिले आणि फोन बंद केला.

फोन मात्र तू करत राहिलीस. पण टेपाडावरून नाही, मार्गासनीच्या बाजाराला आलीस की, आठवड्यातून एकदा. सासूच्या गुडघ्यांचं बोलायचीस, पावसाचं बोलायचीस. मी एकदा म्हटलं, "नवं घर बांधू, मी मदत करते." तू म्हणालीस, "बगू." दुसऱ्या एका वेळी, बोलणं संपत आलं असताना, मध्येच विचारलंस, "बकऱ्या का मारल्या गं त्येनी?"

"खेळ होता."

"आमी बी इकतो बकरं. कापायला जातंय ते ठावं आसतं आमाला. पन ते कुनीतरी खातं. ह्येनी तर तशीच टाकली."

मी म्हटलं, "पुन्हा आणता येतात गं." तू "व्हय" म्हणालीस आणि बाजारातून ओरडून काहीतरी मागितलंस, मीठ का काय. त्या दिवशी मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, तिला माहीत नाही ते कशाला उकरायचं. चार महिन्यांनी विसरेल. मी दोघींच्या वतीने ठरवून टाकलं होतं की आपल्याकडे चार महिने आहेत.

गवत कापताना तुला फुरसं चावलं. दाजींनी तुला गाडीवर मागे बांधून वेल्ह्याला आणलं, तिथे इंजेक्शन दिलं, मग पुण्याला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी मी आले. तुझा चेहरा सुजला होता, हात काळानिळा, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, किडन्यांवर गेलंय, मशीनवर घ्यावं लागतंय, बघू. ते लोक झटत होते, त्यांना बोल लावायला जागा नाही. लावता आला असता तर बरं झालं असतं.

तू मला बघून विचारलंस, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "खोटं." मी तुझ्या चांगल्या हाताला हात लावून बसले. दहा मिनिटं दिली होती, त्यातली आठ गेली. मग तू डोळे मिटून, अगदी शेताचं बोलावं तसं म्हणालीस,

"पाटाला जाळी बशिवली आसती तर आलं नसतं कुनी. माजंच चुकलं. राह्यली बशवायची."

मला आधी कळलंच नाही तू काय म्हणतेस. आणि मग कळलं. तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण पाटाची वाट मला सोडून कुणालाही माहीत नव्हती. ठाऊक असून तू आठवड्याला फोन करत होतीस, मिठाचं आणि पावसाचं बोलत होतीस, आणि आता अंगात विष घेऊन स्वतःची चूक सांगत होतीस.

मी म्हटलं, "ते सोड आता. बरी हो आधी."

सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या. मी उठले. उद्या सांगू असं ठरवून उठले. मी दारातून वळून बघितलं तेव्हा तू डोळे उघडले नव्हतेस. चौथ्या दिवशी तुझी शुद्ध गेली.

पाचव्या दिवशी रक्त लागलं. दाजींचे भाऊबंद दोघं होते, पुरेना. मी विशालदादाला फोन केला. तो भोंगवलीवरून भाजी-माळव्याचा टेम्पो अर्धा रिकामा करून तसाच आला आणि त्या तिघांना घेऊन आला. तेच तिघं. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघितलं. एकाच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता, एकाला सुईची भीती वाटत होती, तो दुसऱ्याचा हात धरून बसला. ज्याने तुझ्यावर वार केला तो कोणता, हे मी विचारलं नाही. चौघांनी रक्त दिलं. दाजींनी त्यांच्यापुढे हात जोडले तेव्हा विशालदादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खाली चहाच्या गाडीवर मला म्हणाला, "आमी कोन ते सांगू नगं त्येंना." मग म्हणाला, "ती बरी झाली की मी सोता जाऊन सांगतो. गोठा बांधून देतो तिला. नियम बी परत घालतो." तो ते मनापासून म्हणत होता. माणसं वाईट नव्हती गं. हेच मला कळत नाही. वाईट असती तर मला कुणावर तरी चिडून घेता आलं असतं.

नवव्या दिवशी तू गेलीस. ज्यांनी तुझं घर जाळलं त्यांचं रक्त अंगात घेऊन गेलीस, आणि तुला ते माहीत नव्हतं.

विशालदादाचा परवा फोन आला. "जग बंद करू का?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुझी जळकी भिंत आणि तो पाट अजून तिथे आहे, पाणी दारापर्यंत येतं. बंद केलं तर तेही जाईल. चालू ठेवलं तर कुणासाठी?

काल मी वस्तीवर गेले. तुझ्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि रडल्या. दाजी बकऱ्या आत घेत होते. म्हणाले, निम्म्या विकतो आता, एकट्याला व्हत न्हाई. चहा त्यांनीच केला. तुझा मोबाईल फडताळात होता, चार्ज नव्हता. आम्ही चहा पीत बसलो. दाजी मला बघत होते आणि बघत नव्हते.

"येक इचारू का?"

"विचारा ना दाजी."

"त्यो तुमचा खेळ. त्यापायी ती रोज टेपाडावर जायाची. भाकर बी तिथंच खायाची. सांजच्याला मला सांगायची, आज ह्ये पेरलं, आज त्ये बांधलं. मला काय कळायचं न्हाई, पन आयकाया बरं वाटायचं. मंग येकायेकी बंदच झालं. म्या म्हनलं, का गं जाईनास? तर म्हनली, जाऊ द्या. त्येच्या म्होरं काय बोलली न्हाई. तुमच्या दोगींचं काय वाजलं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग वं?"

मी कप खाली ठेवला. सगळं तोंडाशी आलं होतं, रविवार, पाट, तुझी ती हाक. समोर तो माणूस बसला होता, ज्याने तुला पाठीशी बांधून डोंगर उतरवला होता. त्याला हे सांगून मी काय देणार होते? आणि न सांगता काय वाचवणार होते? मी म्हटलं, "कंटाळा आला असेल तिला."

दाजींनी माझा कप उचलला. मग हळूच म्हणाले, "कंटाळनारी न्हवती ती."

पुन्हा विचारलं नाही त्यांनी. मला सोडायला मार्गासनीपर्यंत खाली आले. तासाभराची वाट, पुढे ते आणि मागे मी. दोनदा थांबून मागे वळले, मी येते आहे ना बघायला. तेव्हाही सांगता आलं असतं. फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे राहिलो, ती वीस मिनिटं उशिरा आली, तेव्हाही आलं असतं. "पोचल्यावर फोन करा," ते म्हणाले. मी चढले.

किकवीला उतरून फोन केला. ते टेपाडावर उभे असणार, कारण पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचले दाजी."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे वारा ऐकू येत होता.